जगाच्या नकाशातला बिस्किटी पट्टा

मी बीड जिल्ह्याच्या बाहेर फारसा गेलेलो नाही. एकदा तिरुपतीला आणि दोनदा मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला. पण जग मात्र इतक्या वेळा काढलं आहे की आफ्रिकेच्या पाठीचा बाक अजूनही डोळे मिटून काढून देईन. गेवराईपासून नेकनूरपर्यंत कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात ‘जगातील हवामानाचे प्रकार’ हा रंगीत नकाशा दिसला आणि त्यातला इटलीचा बूट नीट शिवलेला वाटला, तर तो माझा समजावा. बूट बोथट असेल तर दुसऱ्या कुणाचा.

धंद्यानं मी पेंटर. नाव रावसाहेब, पण नेकनूरला त्या नावानं विचारलं तर कुणी घर दाखवणार नाही. आधी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती असं सगळं केलं. मग फ्लेक्स आला. रात्रीतून माणसाचा चेहरा त्याच्या घराएवढा छापून मिळायला लागल्यावर ब्रश धरणाऱ्याला कोण विचारतो? आमच्यातले काही जण गवंड्याच्या हाताखाली गेले, काहींनी चहाची टपरी टाकली. मला शाळांच्या भिंतींनी तारलं. शाळांमध्ये भिंती बोलक्या करायची टूम निघाली, आणि भिंतींना बोलायला लावणारा माणूस म्हणून माझं नाव एका मास्तरकडून दुसऱ्या मास्तरकडे जात राहिलं.

लोकांना वाटतं नकाशा काढणं म्हणजे चित्र काढणं. तसं नाही. चित्रात गाय थोडी जाड झाली तर चालते, नकाशात श्रीलंका जाड झाली की शाळा तपासायला आलेले साहेब ओरडतात. आधी भिंत खरवडायची, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, प्रायमर मारायचा. मग सुताला नीळ लावून ते दोन टोकांना ताणायचं आणि मधून एक टिचकी मारायची. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. अशा आडव्या-उभ्या रेघांनी चौकोन पाडायचे. पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीनं तेवढेच चौकोन असतात. मग एकेका चौकोनातलं जग उचलून भिंतीवरच्या चौकोनात ठेवायचं. घाई करायची नाही. आणि नकाशा शक्यतो खाली, जमिनीपासून वीतभरावर सुरू करायचा, म्हणजे पहिलीतल्या पोरालाही हात लावता येतो. हा माझा दस्तूर. मास्तर म्हणायचे, हात लावून पोरं मळवतील. मी म्हणायचो, मळू द्या, नुसतं बघून जग कुणाला कळलंय?

रंगांचा हिशेब ठरलेला. विषुववृत्ताजवळ, जिथं बारमाही पाऊस, तिथं गडद हिरवा. मोसमी प्रदेश पोपटी. वाळवंट पिवळं. भूमध्य समुद्राभोवतीचा नारिंगी, थंडगार टुंड्रा जांभळा, आणि ध्रुवांकडे पांढरा. भिंत मुळातच पांढरी असल्यामुळे अंटार्क्टिका काढायला सगळ्यात सोपी. याच अंटार्क्टिकावरून एका गावात माझं वाजलं होतं. तिथल्या एका पुढाऱ्यांनी रंगाचे डबे दिले होते आणि त्यांना नाव झळकायला जागा पाहिजे होती. म्हणाले, खाली एवढी पांढरी जागा मोकळीच आहे, तिथं कुणी राहतही नाही, तिथं टाका माझं नाव. मी पुष्कळ समजावलं. शेवटी दक्षिण ध्रुवावर त्यांचं ‘सौजन्य’ आलंच. अजून आहे. दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापकांना आपलं गाव नकाशात दिसायला हवं होतं. मी मोहरीएवढा ठिपका दिला. ते म्हणाले, लांबून दिसत नाही. ठिपका वाढवता वाढवता हैदराबाद त्याच्या खाली गेलं, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

पण कुठल्याही गावात पहिला प्रश्न एकच असायचा, आणि तो पोरांपेक्षा म्हाताऱ्यांचा जास्त: आपण कुठं आहोत? मी बोट ठेवून दाखवायचो. मग दुसरा प्रश्न यायचा: आपला रंग कोणता? या दुसऱ्या प्रश्नापायी मी जे भोगलं ते सांगण्यासाठीच हा लेख.

शाळेच्या पुस्तकातल्या जगाच्या नकाशात सगळा भारत बहुतेक एकाच रंगात असतो. मोसमी, पोपटी. पहिली काही वर्षं मीही तसंच रंगवत होतो आणि सगळे खूश होते. मग गेवराईच्या एका हायस्कूलमध्ये जोगदंड सर भेटले. भूगोल शिकवायचे, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम खडूची भुकटी. माझा नकाशा पुरा होत आला तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पेंटर, तुमी आमाला फुकटात हिरवं केलंय.” मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी घरून एक जाडजूड नकाशांचं पुस्तक आणलं. त्यात सह्याद्रीच्या पूर्वेला, अहिल्यानगर, बीड, सोलापुरावरून खाली कर्नाटकात उतरणारा एक लांबट पट्टा वेगळ्या रंगाचा होता. वाळलेल्या गवताचा असतो तसा रंग. आम्ही पेंटर लोक त्याला बिस्किटी म्हणतो.

जगाच्या हवामानाच्या या वाटण्या कुणी केल्या, तेही मला सरांनीच सांगितलं. युरोपातल्या एका शास्त्रज्ञानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. त्याचा मूळ विषय झाडं. कुठं कुठलं झाड आपापलं उगवतं आणि कुठं संपतं, हे पाहून त्यानं रेघा ओढल्या आणि त्या रेघांना पुढं पावसाच्या, उष्णतेच्या आकड्यांत बसवलं. इंग्रजी पाच अक्षरं, पाच मोठ्या जाती. त्यातल्या चार जाती उष्णता किती यावर ठरतात. एकच जात अशी की ती कोरडेपणावर ठरते. तिचं अक्षर बी. तिच्यातही दोन घरं, एक पुरतं वाळवंट आणि दुसरं वाळवंटाच्या उंबऱ्यावरचं, निमओसाड. आपण उंबऱ्यावरचे. पुढं हे मी एका सरपंचांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, बी म्हंजे बीडच की, त्यात काय शिकायचं.

मी सरांना विचारलं होतं की आपल्याकडं पाऊस पडतो, वाळवंटात पडत नाही, मग आपण त्यांच्या गोतावळ्यात कसे? सरांनी उत्तर तोंडानं दिलं नाही. शाळेतल्या दोन थाळ्यांत तांब्यातांब्यानं सारखं पाणी ओतलं. एक कडुलिंबाच्या सावलीत ठेवली, एक पत्र्यावर उन्हात. एप्रिल होता. मी समुद्राचा निळा मारत होतो. सरांनी हाक मारली तेव्हा पत्र्यावरची थाळी कोरडी होती आणि लिंबाखालची भरलेली. “पाणी दोघींना सारखंच दिलतं,” सर म्हणाले. “किती पडतं ते इचारू नका. पडलेल्यातलं किती उरतं ते बघा.” तेव्हापासून मी तो पट्टा कधी गाळला नाही. सर वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हायस्कूलमधली ती भिंतही पाडून नवी बांधली. नव्या भिंतीवर फ्लेक्स आहे आणि त्यात भारत पुन्हा पोपटी आहे.

आता त्या गावाची गोष्ट. गेवराईकडच्या चकलांब्याच्या वरच्या अंगाला आहे ते. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून लग्नाची पोरं आहेत.

गाव लहान. थोडी घरं शेतकऱ्यांची, थोडी मेंढपाळांची. शाळा चौथीपर्यंतची, पण व्हरांडा ऐसपैस, फरशीचा, पुढं मोठा लिंब. गावात बाकी सगळीकडं पत्रे, दुपारी आत बसवत नाही. म्हणून तिथली रीत अशी की कुणाच्या पोराचं स्थळ बघायला मुलीकडचे आले की त्यांना रविवारी शाळेच्या व्हरांड्यातच बसवायचं. सतरंजी टाकायची, पोहे तिथंच, चहा तिथंच. घर नंतर उभ्याउभ्या दाखवायचं. शाळा ही साऱ्या गावाची बैठक होती. आणि पाहुणे भिंतीला पाठ देऊन बसण्याआधी भिंत वाचणार, हे ओघानं आलंच.

मी तिथं नकाशा काढला तेव्हा मला ही रीत ठाऊक नव्हती. रंगांच्या सूचीत बिस्किटी चौकोनापुढं मी सवयीनं लिहिलं: निमओसाड प्रदेश. कंसात आपल्या जिल्ह्याचं नाव, पोरांना कळावं म्हणून. काही महिन्यांनी गावच्या सरपंचांचा निरोप आला. त्यांना सगळे आबा म्हणत. शेतीवाडी बरी असलेला, गावासाठी धावणारा माणूस, राजकारणातला असूनही बोलायला सरळ. मला समोर बसवून त्यांनी सांगितलं की तुमच्या नकाशापायी दोन स्थळं परत गेली. एका पाहुण्यानं तर तो शब्द मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, शाळेनंच लिहून ठेवलंय, आता आम्ही वेगळी चौकशी काय करायची?

मी म्हणालो, आबा, नकाशा काही तुमच्या एका गावाचा नाही, जगाचा आहे. पट्टा मी ओढलेला नाही.

“पेंटर, नकाशा पोरांसाठी हाय हे मला कळतं,” आबा म्हणाले. “पण त्याच्याम्होरं बसतेत पाव्हणे.”

मीही मुलीचा बाप. पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मी नळाला पाणी किती वेळ येतं हे आधी विचारलं होतं आणि जावयाचा पगार नंतर. शेवटी आम्ही मधला रस्ता काढला. पट्टा राहू द्यायचा, पण ‘ओसाड’ काढायचं. मी तिथं निमशुष्क असं लिहिलं. अर्थ तोच, पण कानाला जरा मऊ. जिल्ह्याचं नावही पुसलं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र जोगदंड सर मागं येऊन उभे आहेत असं वाटत राहिलं.

त्याच दिवसांत ज्ञानूची आणि माझी ओळख झाली. मेंढपाळाचा पोरगा. पोरगा म्हणायचं, पण कानाजवळचे केस पिकायला लागले होते. वडील नव्हते. आई, थोडं रान आणि मेंढरं. दुपारच्या उन्हात मेंढरं शाळेपुढच्या लिंबाखाली बसवायची आणि स्वतः व्हरांड्याच्या पायरीवर बसून माझं काम बघायचं, हा त्याचा नेम. मी त्या शाळेत पाढे, बाराखडी, ऋतुचक्र अशी कामं बरेच दिवस करत होतो. तो फार बोलायचा नाही. एकदा त्यानं टुंड्रावर बोट ठेवून विचारलं की हितं काय पिकतं? मी म्हणालो, काही नाही, बर्फ. तिथली माणसं जनावरं पाळून जगतात. त्याला बरं वाटलं. म्हणाला, म्हंजे आमच्यातलेच.

त्याच्या लग्नाची गोष्ट सारं गाव जाणून होतं. अशी पोरं त्या गावात ओळीनं होती, पण ज्ञानू सगळ्यांत थोरला. स्थळं यायची, व्हरांड्यात बसायची, पोहे खायची आणि फोनवर नाही सांगायची. आईच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. चुलीपाशी दुसरं कुणी आल्याशिवाय मी डोळे मिटत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मलाही सांगितलं होतं. आणि मग एक दिवस नेकनूरच्या बाजूचं एक स्थळ जुळत आलं. मुलीचे वडील सोपानराव माझ्या तोंडओळखीचे निघाले. ज्ञानू माझ्याजवळ आला, उगाच एक डबा उचलून ठेवला आणि म्हणाला, “पेंटर, तुमी तिकडचेच. दोन शब्द बोलतान का? ह्याच्यानंतर कुणी यायचं न्हाई आता.” मी म्हणालो, बोलेन. मनापासून म्हणालो.

पाहुणे रविवारी येणार होते. माझं एका भिंतीवरचं काम राहिलं होतं म्हणून मी सकाळीच शाळेत पोचलो आणि व्हरांड्यात पाऊल टाकल्याबरोबर घासलेटासारखा कच्च्या तेलरंगाचा वास आला. नकाशाकडं पाहिलं तर आमचा पट्टा गायब. तिथं हिरवा. तोही माझ्या डब्यातला पोपटी नव्हे, ट्रॉलीला मारतात तो भडक हिरवा. आणि हात एकदा सुटला म्हणजे थांबतो कुठं? बीड हिरवं केलं, अहिल्यानगर केलं, सोलापूर केलं, आणि उरलेला रंग पार अरबी समुद्रात गेला होता.

काम ज्ञानूच्या मामाचं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं कुणालाही न सांगता ते उरकलं होतं. मामा भाबडा माणूस, भाच्यासाठी जीव टाकणारा. त्याला वाटलं, पेंटर सरळ सांगून ऐकत नाही तर आपणच करून टाकू. आबा आले, त्यांनी भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला. “काय केलं रं हे? कोकण आणलंस का उचलून?” मामा म्हणाला, रंग उरला व्हता.

करायचं काय? रंग इतका दाट मारलेला की दिवसभरात वाळायचा नाही. पुसायला गेलो तर माखणार. पाहुण्यांची गाडी तर चकलांब्यात येऊन पोचली होती. आबांनी सतरंजी समोरच्या बाजूला टाकायला लावली, म्हणजे कुणी भिंतीला टेकणार नाही. ज्ञानू नवा पांढरा शर्ट घालून आला होता. त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं आणि मामाकडं बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला तिथं उभं राहवेना.

सोपानराव मोजकं बोलणारे गृहस्थ. मुलीचा चुलता आणि त्यांच्या गावातली एक-दोन जाणती माणसं बरोबर. पोहे झाले, पाण्याची, रानाची, मेंढरांची चौकशी झाली. मी शब्द दिल्याप्रमाणे बोललो. पोरगा निर्व्यसनी आहे, आईला जपतो, मेंढी आजारी पडली तर रात्रभर बसतो, असं जे पाहिलं होतं तेच सांगितलं. सोपानराव ऐकत होते, मान हलवत होते. मग ते उठले, सहज म्हणून नकाशापाशी गेले आणि प्रत्येक गावातला म्हातारा ठेवतो तसं त्यांनी भारतावर बोट ठेवलं.

बोट हिरवं झालं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“आमचं नेकनूरबी ह्याच्यातच येतं की,” सोपानराव म्हणाले. “तुमी तुमच्यासंगं आमालाबी हिरवं केलं. लई उपकार झाले.”

सगळे हसले. तेही हसले. लिंबाच्या पाल्यानं त्यांनी बोट पुसलं, पुन्हा येऊन बसले आणि चहा घेतला. मामाचा जीव भांड्यात पडला. आबांनी मला डोळ्यानं खूण केली की जमतंय. मलाही तसंच वाटलं. माणूस रागावला नाही, उलट चेष्टा केली, म्हणजे आपला झाला, असा आपला सगळ्यांचा समज असतो.

परतताना त्यांच्या गाडीत जागा होती म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेतलं पाडळसिंगी गाव मागं पडलं. मग मीच विचारलं की कसं वाटलं स्थळ. सोपानराव खिडकीतून बाहेर बघत होते. “पोरगं सोन्यासारखं हाय,” ते म्हणाले. “तुमी सांगितलं त्यात खोटं काय न्हाई. पण पेंटर, माझी आई डोक्यावर हंडे वाहून गेली. बायको टँकरमागं पळती. पोरीला तरी रंग बदलून द्यावा म्हणतो.”

मी विचारलं, त्या हिरव्या रंगाचा राग आला का? ते म्हणाले, राग कशाचा? त्यांच्या जागी मी असतो तर मीबी तेच केलं असतं. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता आणि येत नव्हता, हे फार वाईट. मी माझ्या पोरीसाठी जे केलं तेच तो त्याच्या पोरीसाठी करत होता. दोघींच्या दोन बापांनी मिळून ज्ञानूला वाऱ्यावर सोडलं, असं काहीतरी मनात येत राहिलं.

पुढच्या खेपेला मी शाळेत गेलो तेव्हा नकाराचा फोन येऊन गेला होता. ज्ञानू मेंढरं लिंबाखाली बसवून माझ्याजवळ आला. “व्हतं तसं करा, पेंटर,” एवढंच म्हणाला. मी हिरवा खरवडला, जेवढा निघाला तेवढा, आणि वरून बिस्किटी मारला. पण तेलरंग हट्टी असतो. दोन हात मारूनही खालचा हिरवा वर डोकावतोच. ऊन तिरपं पडलं की त्या भिंतीवर आमचा पट्टा वाळक्या मेंदीसारखा दिसायचा. अरबी समुद्रही पुरता निळा झाला नाही. ज्ञानूची आई त्या उन्हाळ्यात गेली. चुलीपाशी कुणी आलं नव्हतं.

त्यानंतर माझे गुडघे गेले. उकिडवं बसून दक्षिण गोलार्ध रंगवणं जमेना, तेव्हा मी काम सोडलं. तोवर पावसानंही ताळ सोडला होता. एखाद्या वर्षी गोदावरी गेवराईकडच्या रानांत शिरते, उभा कापूस सडतो आणि पुढच्या चैत्रात त्याच गावांना टँकर. मागं एका नव्या दमाच्या मास्तरला मी विचारलं की आता आमचा रंग बदलला का? एवढं पाणी तर कोकणातही नसेल. त्यानं नीट सांगितलं. एका-दोन वर्षांवर रंग ठरत नाही, तीसेक वर्षांची सरासरी काढतात. मी म्हणालो, सरासरी म्हणजे नवऱ्यानं जेवायचं, बायकोनं उपाशी राहायचं आणि हिशेबात दोघांचं अर्धं अर्धं पोट भरलं असं लिहायचं. तो हसला. मग मोबाइलवर त्यानं जगाचे नवे नकाशे दाखवले. सगळ्या जातींच्या सीमा सरकताहेत म्हणे. उष्ण पट्टे थंडांच्या अंगावर चालले आहेत, काही ठिकाणी कोरडे पट्टे पसरताहेत. मी आयुष्यभर जे पक्क्या तेलरंगात काढलं ते कुणीतरी खडूनं काढायला हवं होतं, असं त्या दिवशी वाटलं.

यंदा उन्हाळ्यात चकलांब्याला एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेलो होतो. येताना पाय त्या गावाकडं वळले. शाळा बंद झालेली. पटावर पोरं उरली नाहीत म्हणून कुलूप लागलं आणि होती ती दोन-चार शेजारच्या गावी जायला लागली. ऐकून नवल वाटलं नाही. ज्या गावात लग्नं होत नाहीत त्या गावात पहिलीच्या वर्गात कोण बसणार? खिडक्यांची दारं गेली होती. फरशी लेंड्यांनी भरली होती. व्हरांड्यात भर दुपारी मेंढरं दाटीनं बसली होती आणि पायरीवर ज्ञानू. केस बरेच पिकलेले. मला बघून उठला, खांद्यावरच्या टॉवेलनं पायरी झटकून दिली. आबांची विचारपूस केली तर म्हणाला, पोराकडं शहरात ऱ्हातेत आता. मामा गेला.

नकाशा अजून होता. वरचा भाग बरा होता, खालचा मेंढरांनी अंग घासून घासून उडवला होता. माझाच दस्तूर नडला, वीतभरावरून सुरू करायचा. अंटार्क्टिका तर गेलीच, ऑस्ट्रेलिया पुरता गेला, दक्षिण अमेरिकेचं शेपूट गेलं. आफ्रिका कमरेपर्यंत झिजली होती. आमचा पट्टा तेवढा उंचावर असल्यामुळे वाचला होता, तसाच, ना धड बिस्किटी ना हिरवा.

आम्ही दोघं बसून तो बघत राहिलो. मला वाटलं, जुना विषय निघेल. तो निघाला नाही. ज्ञानूनं काठीनं आमचा पट्टा दाखवला आणि विचारलं, “ह्योच रंग आनखी कुठं कुठं हाय, पेंटर?”

मी उठलो, गुडघ्यांना जपत भिंतीपाशी गेलो आणि दाखवलं. हे बघ, आफ्रिकेत वाळवंटाच्या खालून हा आडवा पट्टा जातो तो आपलाच रंग. इराणकडं थोडा. मेक्सिकोत हा. ऑस्ट्रेलियात तर पुष्कळ होता, तुझ्या मेंढरांनी खाल्ला. जगात आपला पट्टा काही लहान नाही, मी म्हणालो. त्यात थोडा अभिमानही होता माझ्या आवाजात, कशाचा कोण जाणे.

त्यानं विचारलं, तिकडंही मेंढरं असतात का? मी म्हणालो, असतात, आपल्यापेक्षा जास्त. जोगदंड सरांनी सांगितलं होतं की या रंगाची माणसं बहुतेक मेंढरांवरच जगतात.

त्यानं काठीचं टोक आफ्रिकेवर टेकवलं.

“तिथल्या पोरांची लग्नं व्हतेत का?”

सरांनी मला सगळं सांगितलं होतं. झाडांच्या रेघा, इंग्रजी अक्षरं, दोन थाळ्या. हे नव्हतं सांगितलं. मी म्हणालो, होत असतील बाबा.

“मग बरं हाय,” ज्ञानू म्हणाला, आणि आफ्रिकेला अंग घासत उभी असलेली एक मेंढी त्यानं काठीनं हळूच बाजूला केली.